मर्यादा वाळूची : गॅल्व्हेस्टनच्या पुळणीचा इतिहास

सप्टेंबरची आठ तारीख आपल्या किनारपट्टीवरील कॅथोलिक घराघरांत पवित्र मरियामातेचा जन्मदिन म्हणून पाळली जाते. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा याच सुमारास भरते, तर मंगळूरकडे नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी वेदीपुढे आणली जातात. पावसाळ्याचा जोर ओसरलेला असतो, समुद्र निवळू लागलेला असतो, आणि मच्छीमारांच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरलेल्या असतात. असा हा आनंदाचा दिवस. परंतु सन १९०० मध्ये याच दिवशी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर, एका वाळूच्या बेटावर वसलेले समृद्ध शहर एका रात्रीत उद्ध्वस्त झाले. गॅल्व्हेस्टन हे त्या शहराचे नाव. मृतांची नेमकी गणती कधीच झाली नाही. सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत अंदाज केले गेले आणि सामान्यतः आठ हजार हा आकडा मानला जातो. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी दुसऱ्या कोणत्याही दिवशी घेतलेले नाहीत.

या आपत्तीची कथा अनेकांनी सांगितली आहे. येथे आम्ही ती एका वेगळ्या बाजूने सांगू इच्छितो. त्या शहराची, त्यातील माणसांची आणि त्यांच्या पायाखालच्या वाळूची कथा एकच आहे, असे आम्हांस वाटते. किनाऱ्यावर राहणारी आपली माणसे वादळानंतर म्हणतात, "समुद्राने किनारा खाल्ला." हे म्हणणे डोळ्यांना दिसते त्यापुरते खरे आहे. पण खाल्लेली वाळू जाते कोठे? ती परत येते का? येत असेल तर किती दिवसांनी, आणि येत नसेल तर कोणामुळे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे माणसाला हळूहळू सापडली. गॅल्व्हेस्टनला त्यांची किंमत सर्वांआधी मोजावी लागली.

बेट आणि शहर

गॅल्व्हेस्टन बेट सुमारे सत्तावीस मैल लांब आहे आणि त्याची रुंदी कोठेही तीन मैलांहून फारशी अधिक नाही. त्याला खडकाचा पाया नाही. समुद्राने हजारो वर्षे आणून टाकलेल्या वाळूचा तो एक लांबट बांध आहे. मुख्य भूमी आणि खुला समुद्र यांच्यामध्ये तो आडवा पडलेला आहे. अशा बेटांचे स्वाभाविक काम म्हणजे वादळाचा पहिला मार स्वतः सोसणे. मागील खाडी त्यामुळे शांत राहते, आणि शांत खाडी म्हणजे उत्तम बंदर. याच बंदराच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापारातून गॅल्व्हेस्टनची भरभराट झाली. १९०० साली शहराची लोकसंख्या अडतीस हजारांच्या घरात होती. त्या शहरातील उंचात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेनऊ फूट होती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. त्याच किनाऱ्यावर पुढे इंडियानोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडले. लोकांनी ते पुन्हा उभारले. १८८६ च्या वादळाने ते पुन्हा मोडले, तेव्हा लोकांनी ते कायमचे सोडून दिले. इंडियानोलाचा हा अंत पाहून गॅल्व्हेस्टनमध्येही संरक्षक भिंत बांधावी अशी मागणी पुढे आली, परंतु ती मागे पडली. हवामान खात्याचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये शहराच्या दैनिकात लेख लिहून, मोठ्या वादळाने या शहराचे गंभीर नुकसान होईल ही कल्पनाच निराधार आहे, असे प्रतिपादन केले. क्लाइन अभ्यासू गृहस्थ होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. पुढे त्या रात्री त्यांची स्वतःची गरोदर पत्नी पाण्यात गेली.

भिंत बांधली नाही एवढ्यावरच गोष्ट थांबली नाही. किनाऱ्यालगत निसर्गाने उभारलेली वाळूची टेकाडे होती. शहर वाढू लागले तसे सखल जागा भरून काढण्यासाठी वाळू हवी झाली, आणि ती सर्वांत जवळ याच टेकाडांत होती. ती खणून नेण्यात आली. त्या काळच्या लोकांना यात काही अपराध वाटला नसणार. टेकाडे शेतीच्या कामाची नव्हती, इमारतीच्या कामाची नव्हती, आणि समुद्राचे दर्शन मात्र अडवीत होती. त्यांचे खरे काम वर्षानुवर्षांतून एखाद्या दिवशीच पडते, आणि त्या एका दिवसाचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता.

दोरीने बांधलेली मुले

शहराच्या पश्चिमेस तीन मैलांवर मात्र टेकाडे शाबूत होती, आणि त्यांच्या आडोशाला सेंट मेरीज अनाथाश्रम उभा होता. १८६६ मध्ये बिशप क्लॉद दुब्वी यांच्या विनंतीवरून फ्रान्समधील लियाँ येथून धर्मभगिनी टेक्सासला आल्या. 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ दि इन्कार्नेट वर्ड' हा त्यांचा संघ. त्यांनी गॅल्व्हेस्टनमध्ये रुग्णालय उघडले, पीतज्वराच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्या साथीने पोरकी झालेली मुले सांभाळली. मुलांना साथीपासून दूर ठेवता यावे म्हणून १८७४ मध्ये अनाथाश्रम शहराबाहेर समुद्रकाठी हलविण्यात आला. दोन मजल्यांच्या दोन इमारती, पुढे वाळूच्या उंच टेकाडांची रांग, आणि टेकाडांवर खाऱ्या वाऱ्यात तग धरणारी झाडे, असे ते स्थळ होते.

८ सप्टेंबर १९०० च्या सकाळी सिस्टर एलिझाबेथ रायन शिधा आणण्यासाठी शहरातील रुग्णालयात आल्या होत्या. वारा वाढत होता. वरिष्ठ भगिनींनी त्यांना वादळ शमेपर्यंत थांबण्याचा आग्रह केला. परंतु आपण परत गेलो नाही तर मुलांना रात्रीचे जेवण मिळणार नाही, असे सांगून त्या शिध्याची गाडी घेऊन परत निघाल्या.

दुपारपर्यंत पाणी टेकाडांना भिडले. टेकाडे पिठाची असावीत तशी विरघळत गेली, असे वाचलेल्या एका मुलाने पुढे सांगितले. भगिनींनी सर्व मुलांना मुलींच्या वसतिगृहात आणले, कारण ती इमारत नवी आणि अधिक भक्कम होती. पाणी चढत गेले तसे त्यांना वरच्या मजल्यावर नेले. मुलांचा धीर सुटू नये म्हणून 'क्वीन ऑफ द वेव्हज' हे मरियेचे जुने फ्रेंच गीत त्यांच्याकडून गाऊन घेतले. मग कपडे वाळत घालण्याची दोरी आणून तिचे तुकडे केले. प्रत्येक भगिनीने सहा ते आठ मुले त्या दोरीने स्वतःच्या कमरेशी बांधून घेतली. संध्याकाळी छप्पर कोसळले. दहा भगिनी आणि नव्वद मुले मृत्यू पावली. वयाने मोठे असलेले तीन मुलगे तेवढे एका झाडाच्या आधाराने वाचले. नंतर वाळू उपसताना भगिनींचे देह सापडले तेव्हा मुले त्यांना तशीच बांधलेली होती. एका भगिनीच्या दोन्ही हातांत दोन लहानगी घट्ट धरलेली होती. त्या संघाच्या भगिनी जगात जेथे असतील तेथे आजही दर ८ सप्टेंबरला तेच गीत गातात.

दोरीने बांधल्यामुळे मुले वाचली नाहीत, उलट बुडाली, असे म्हणणारे टीकाकार असतात. आम्ही त्या वादात शिरत नाही. कोणालाही सोडून जायचे नाही, एवढाच त्या दोरीचा अर्थ होता.

त्या रात्री समुद्राचे पाणी पंधरा फुटांहून अधिक चढले होते, म्हणजे शहरातील सर्वांत उंच जागेवरही माणूस बुडेल इतके. सुमारे ३,६०० घरे मोडली. मोडलेल्या घरांची लाकडे लाटांबरोबर पुढच्या घरांवर आदळत गेली. सेक्रेड हार्ट चर्च कोसळले. उर्सुलाइन भगिनींच्या मठात मात्र सुमारे एक हजार लोकांना आसरा मिळाला आणि त्या रात्री तेथे चार बालकांचा जन्मही झाला. पुढील दिवसांत मृतदेह इतके सापडत गेले की त्यांना समुद्रात सोडण्यात आले. लाटांनी ते परत किनाऱ्यावर आणले, तेव्हा चिता रचाव्या लागल्या.

वाळू जाते कोठे

आता ज्या प्रश्नापासून आम्ही आरंभ केला त्याकडे वळू. त्या टेकाडांची वाळू कोठे गेली?

पुळण ही स्थिर जमीन नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ती सतत हलत असते. शांत ऋतूत दूरवरून येणाऱ्या लाटा बुटक्या, लांब आणि संथ असतात. अशी लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा आपल्याबरोबर थोडी वाळू वर आणते. तिचे काही पाणी कोरड्या वाळूत मुरते, म्हणून परतणारा ओघ क्षीण असतो आणि आणलेली सगळी वाळू तो परत नेऊ शकत नाही. प्रत्येक लाटेगणिक मूठ मूठ शिल्लक पडत जाते आणि पुळण रुंद होते.

वादळात हे सारे उलटे होते. लाटा उंच आणि उभ्या असतात आणि एकीच्या पाठोपाठ दुसरी येते. वाळू पाण्याने आधीच तुडुंब भिजलेली असल्यामुळे पाणी मुरत नाही. वाऱ्याने किनाऱ्यावर रेटलेले पाणी तळालगत जोराने समुद्राकडे परतते आणि जाताना वाळू खरवडून नेते. पाणी चढलेले असल्यामुळे लाटा थेट टेकाडांच्या पायथ्याशी पोहोचतात. टेकाड ढासळते, आणि त्याची वाळूही त्याच ओघात जाते.

परंतु ही वाळू फार लांब जात नाही. जेथे लाटा फुटतात तेथे, किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली, तिचा एक दांडा तयार होतो. या दांड्यामुळे तेथील पाणी उथळ होते, पुढच्या लाटा तेथेच अडखळून फुटतात, आणि किनाऱ्यापर्यंत त्यांचा जोर पोहोचत नाही. म्हणजे टेकाडाने आपली वाळू देऊन पुळणीपुढे पाण्याखाली एक बांध घातलेला असतो. आपण ज्याला किनारा खाणे म्हणतो ते पुष्कळ अंशी किनाऱ्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेले खर्चाचे काम असते. सुखाच्या दिवसांत साठविलेले धान्य दुष्काळात कणगीतून काढावे, तसे ते आहे. ज्या शहराने कणगीच रिकामी केली होती त्याच्या पदरी काय पडावे, हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ पासून, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विलर्ड बॅस्कम आणि जॉन आयझॅक्स यांनी पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी लष्करी वाहने थेट फुटणाऱ्या लाटांत घालून पुळणींची मोजणी केली. हिवाळ्यातील वादळी लाटांत पुळण अरुंद होते आणि वाळू पाण्याखालच्या दांड्यात जाते, उन्हाळ्यात ती परत येते, हे चक्र त्यांच्या मोजणीत स्पष्ट दिसले. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोणत्याही वडीलधाऱ्या मच्छीमाराला यात नवे काही वाटणार नाही. आपल्याकडे फक्त ऋतू वेगळा आहे. आषाढाच्या उधाणात पुळण खाली बसते, एरवी झाकलेले दगड उघडे पडतात. दसरा-दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की वाळू हळूहळू चढू लागते, आणि उन्हाळ्यात तीच पुळण पुन्हा भरलेली दिसते.

भिंत आणि तिचे मोल

१९०० च्या आपत्तीनंतर गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी इंडियानोलाप्रमाणे शहर सोडले नाही. १९०१ मध्ये तीन अभियंत्यांचे मंडळ नेमण्यात आले. त्याचे प्रमुख होते निवृत्त सेनाधिकारी हेन्री रॉबर्ट. सभेचे कामकाज कसे चालवावे यावरील त्यांचे पुस्तक जगभर प्रमाण मानले जाते. या मंडळाने दोन गोष्टी सुचविल्या. समुद्राकाठी सतरा फूट उंचीची काँक्रीटची भिंत बांधावी, आणि तिच्यामागील सगळे शहर उचलून उंच करावे.

दोन्ही कामे पार पडली. १९०२ च्या ऑक्टोबरात आरंभ होऊन १९०४ च्या जुलैपर्यंत सव्वातीन मैलांहून अधिक लांबीची भिंत उभी राहिली. शहर उंच करण्याचे काम मात्र १९११ पर्यंत चालले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलण्यात आल्या आणि त्यांच्याखाली समुद्रतळातून उपसलेली पाणीमिश्रित वाळू नळांनी सोडण्यात आली. लोक कैक वर्षे लाकडी फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत होते. खाऱ्या वाळूने बागा आणि झाडे मेली. सेंट पॅट्रिक चर्चची इमारत सुमारे तीन हजार टन वजनाची होती. शेकडो जॅकांवर ती तसूतसूने पाच फूट वर उचलण्यात आली, आणि तेथील उपासना त्या काळातही बंद पडली नाही. एका धर्मग्रामाने आपले मंदिर असे उचललेले इतिहासात क्वचितच आढळेल.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये तशाच ताकदीचे वादळ पुन्हा आले. या खेपेस भिंतीआडच्या शहरातील बळींची संख्या डझनभराच्या आत राहिली. भिंतीने हजारो जीव वाचविले. हे आम्ही आधी सांगतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते ऐकून कोणी भिंत बांधणाऱ्यांस नावे ठेवू नयेत.

पुढची गोष्ट अशी की, भिंतीसमोरची पुळण अरुंद होत गेली आणि अनेक भागांत नाहीशी झाली. लाटा पायथ्याशी टाकलेल्या ग्रॅनाइटच्या दगडांवर थेट आदळू लागल्या. याची कारणे आता स्पष्ट झाली आहेत. हे बेट मुळातच हळूहळू मागे सरकत होते. किनारा मोकळा असता तर समुद्र पुढे आला तशी पुळणही मागे सरकली असती आणि तिची रुंदी टिकली असती. भिंत मात्र जागची हलत नाही. समुद्र पुढे येतो, भिंत उभी राहते, आणि दोघांच्यामध्ये सापडलेली पुळण चिंचोळी होत संपते. शिवाय भिंतीमागची वाळू कुलूपबंद झाल्यामुळे वादळात तिचा उपयोग पुळणीला होत नाही, आणि भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते. बंदराच्या तोंडाशी जहाजांसाठी बांधलेल्या लांब धक्क्यांनीही किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडविली. धक्क्याला लागून असलेला बेटाचा पूर्वेकडील भाग त्यामुळे रुंदच होत गेला, तर इतरत्र वाळूचा तुटवडा पडला. एकाच बेटावर एका ठिकाणी वाळूचा सुकाळ आणि दुसऱ्या ठिकाणी दुष्काळ, असे चित्र दिसू लागले.

उपायांवर उपाय सुरू झाले. १९३० च्या दशकात वाळू अडविण्यासाठी समुद्रात आडवे बांध घातले. भिंत टप्प्याटप्प्याने वाढवून १९६३ पर्यंत दहा मैलांची केली. १९९५ मध्ये भिंतीसमोर बाहेरून वाळू आणून पुळण भरण्यात आली. २००८ च्या 'आइक' वादळानंतर ती पुन्हा भरावी लागली. २०१५ मध्ये जहाजांच्या मार्गातील गाळ काढताना निघालेली वाळू भिंतीच्या पश्चिमेकडील भागापुढे टाकण्यात आली आणि कैक दशकांपूर्वी नष्ट झालेली पुळण तेथे पुन्हा दिसू लागली. पण अशी पुळण एकदा भरून भागत नाही, पुनःपुन्हा भरावी लागते. जे काम निसर्ग विनामूल्य करीत असे, त्याची रक्कम आता दरवेळी अर्थसंकल्पात घालावी लागते.

चार पावलांची परतवाट

भिंतीच्या पलीकडे, बेटाच्या पश्चिम भागात, किनारा मोकळा आहे. १८ ऑगस्ट १९८३ रोजी 'अ‍ॅलिशिया' नावाचे वादळ नेमके तेथे धडकले. टेकाडे कापली गेली, आणि काल हिरवळीमागे असलेली घरे सकाळी उघड्या पुळणीवर उभी असलेली दिसली. टेक्सास विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील रॉबर्ट मॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यानंतर तब्बल दहा वर्षे त्या किनाऱ्याची मोजणी केली. पुळण कशी सावरते याचा इतका धीराने केलेला अभ्यास विरळाच.

त्यांना चार टप्पे आढळले. पहिल्या टप्प्यात पाण्याखालचा दांडा किनाऱ्याकडे सरकतो आणि पुळणीला येऊन चिकटतो. हे झपाट्याने, पहिल्या वर्षाच्या आतच घडते. दुसऱ्यात पुळणीचा मागील, कोरडा भाग थरांवर थर बसून उंच होतो. तिसऱ्यात वारा ती कोरडी वाळू आत ढकलतो आणि तुटक्या काडीकचऱ्याशी, गवताच्या झुबक्याशी अडून लहान टेकाडे जन्माला येतात. चौथ्यात त्यांवर वनस्पती पसरते, ती आणखी वाळू धरते, आणि टेकाडे वाढू लागतात. वादळाने काही तासांत नेलेली वाळू जेवढी परत यायची तेवढी यायला चार ते पाच वर्षे लागली. टेकाडे पूर्ववत होण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो.

परंतु सगळीकडे सारखे घडले नाही. काही ठिकाणी किनारा पूर्ण सावरला, काही ठिकाणी अर्धवट. काही ठिकाणी मूळच्याहून अधिक वाळू आली. आणि भिंत जेथे संपते तिच्या शेजारचा किनारा मात्र सावरलाच नाही, तो झिजतच राहिला. काही वाळू खोल पाण्यात गेली की लाटांच्या आवाक्याबाहेर जाते. काही बेटावरून वाहून खाडीच्या बाजूला पडते. अशी वाळू पुळणीला परत मिळत नाही. म्हणून 'समुद्र नेतो आणि समुद्रच परत देतो' ही म्हातारपणची समजूत अर्धीच खरी आहे. तो परत देतो, पण देण्यासाठी त्याच्यापाशी वाळू हवी, ती ठेवण्यासाठी पुळणीला मागे जागा हवी, आणि पुढचे वादळ येण्यापूर्वी पुरेसा अवकाश हवा. या तिहींपैकी एकही नसेल तर हिशेब जुळत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नाराबीन पुळणीचे मोजमाप प्राध्यापक अँड्र्यू शॉर्ट यांनी एप्रिल १९७६ मध्ये सुरू केले आणि ते दरमहा आजतागायत चालू आहे. तेथेही हीच गोष्ट दिसली. जून २०१६ च्या वादळात पुळण काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत मागे हटली आणि काठावरच्या एका घराचा पोहण्याचा तलाव उलटून पुळणीवर पडला. त्या वादळापूर्वीच्या चाळीस वर्षांच्या मोजणीत एवढी झीज कधी दिसली नव्हती. घरे धोक्यात आली ती पुळण मागे सरकली म्हणून, हे खरे. पण पुळणीला मागे सरकण्यासाठी जी जागा लागते तिच्यावरच ती घरे बांधलेली होती, हेही तितकेच खरे.

आपला किनारा

हे सारे दूरदेशीचे झाले. पण या इतिहासाचा आपल्याशी संबंध आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याची तपासणी केली. त्यात सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले, आणि चतुर्थांशाहून थोडा अधिक किनारा वाढत असल्याचेही आढळले. म्हणजे वाळू सर्वस्वी नष्ट होत नाही. ती कोठे तरी अडते आणि दुसरीकडे उणी पडते.

आपल्याकडे किनारा खचू लागला की पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची होते. ज्याच्या अंगणापर्यंत लाट आली आहे त्याला पाच वर्षे वाट पाहा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, कोणासच नाही. गॅल्व्हेस्टनच्या भिंतीने हजारो जीव वाचविले, तसेच काही ठिकाणी बंधाऱ्यावाचून गत्यंतर नसते. परंतु बंधारा मागण्यापूर्वी गावाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. वाळू गेली ती समुद्राने नेली, की रात्रीच्या अंधारात वाहनांनी नेली? पुळणीमागची टेकाडे कोठे आहेत? ती सपाट करून तेथे काय बांधले? बंधारा झाल्यावर होड्या ओढायला, जाळी सुकवायला, मासळी वाळत घालायला पुळण उरेल का? आणि बंधारा जेथे संपेल तेथून पुढच्या गावाचे काय होईल? पुळणीवरील टेकाडे सपाट करण्यास किंवा बदलण्यास १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेनेच मनाई केली होती. नियम आहेत. ते पाळणारी आणि पाळावयास लावणारी माणसे हवीत, आणि ती धर्मग्रामातूनच यावयाची आहेत.

सेमिनरीत बायबलचे अध्ययन करताना वाळूविषयी दोन निरनिराळे दाखले आमच्यासमोर आले होते. मत्तयच्या शुभवर्तमानात वाळूवर घर बांधणारा मनुष्य मूर्ख ठरतो. यिर्मयाच्या पाचव्या अध्यायात मात्र परमेश्वराने वाळू ही समुद्राची मर्यादा ठरविली आहे, असा विचार येतो. वरवर पाहता हे एकमेकांविरुद्ध वाटते. गॅल्व्हेस्टनचा इतिहास वाचल्यावर त्यातील संगती आम्हांस अधिक स्पष्ट झाली. वाळू घर बांधण्यासाठी दुबळी आहे आणि मर्यादा राखण्यासाठी समर्थ आहे. कारण दोहोंचे एकच आहे : ती हलते. खडकाप्रमाणे ताठ न राहता ती लाटेला वाट देते, मागे सरते, आणि लाट शांत झाली की पुन्हा आपल्या जागी येऊ पाहते.

आपल्या पुळणीच्या माथ्यावर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिची पाने मध्ये चिरलेली, आपट्याच्या पानासारखी दिसतात. आपल्या पूर्वजांनी तिला मर्यादवेल असे नाव दिले. तीच वेल टेक्सासच्या टेकाडांवरही वाढते आणि वाऱ्याने आणलेली वाळू धरून ठेवते. सुरूच्या झाडांनी वारा अडतो, पण जमिनीलगत राहून वाळूचा कण न् कण धरणे हे काम या वेलीचे आणि तिच्या सोबतच्या गवताचे. आपल्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांतील युवक मंडळांनी श्रमदानाच्या दिवशी पुळणीवरचा प्लास्टिकचा कचरा अवश्य गोळा करावा, पण त्या भरात ही वेल उपटून पुळण 'स्वच्छ' करू नये. जेथे ती पायदळी गेली आहे, गाड्यांखाली चिरडली आहे, तेथे काठ्यांचे साधे कुंपण घालून तिला एक-दोन पावसाळे मोकळे सोडावे. टेकाड पुन्हा उभे राहावयास लागले तर ते दोन-तीन वर्षांत डोळ्यांना दिसू लागेल, आणि न लागले तर वाळू अन्यत्र कोठे अडली आहे याचा शोध घेण्यास गावाला कारण मिळेल.